सहा महिन्यांनी अमेरिकेहून परतणारे आई-बाबा: तिकिटाच्या तारखेपासून गिरगावातल्या पहिल्या आठवड्यांपर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. बाबा ७४ वर्षांचे, आई ६८ची. मार्चच्या मध्यावर दोघं न्यू जर्सीला तुमच्याकडे आले, आता गिरगावातल्या घरी परतायचंय आणि सोबत कुणी नाही. बाबांना बरीच वर्षं मधुमेह आहे. ते रात्री नऊला ग्लार्जिन इन्सुलिन (एका डोसात साधारण दिवसभर पुरणारं) घेतात, शिवाय मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या. प्रोस्टेटही वाढलेली आहे. आईला बीपी आणि गुडघ्यांचं दुखणं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सहा महिने कुलूप. तिकीट न्यूयॉर्कहून गुरुवारी रात्री दहाचं, आखातात विमान बदलून शनिवारी पहाटे अडीचला मुंबई. सोमवारी गणपती. तुम्ही विचारलंय, प्रवासात काय काळजी घ्यायची.

मी ३१ वर्षं मुंबईत फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आणि मुलांकडे राहून परत आलेली अशी आई-वडिलांची जोडपी दर वर्षी तपासते. म्हणून आधी तुम्ही न विचारलेलं सांगते: तिकिटाची तारीख बदला. याच वेळापत्रकाचं, पण दोन आठवडे आधीचं तिकीट घ्या. आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीवरची, सहा महिन्यांची मुदत सप्टेंबरच्या मध्यावर संपते, त्यामुळे पुढे ढकलायला जागा नाही. अलीकडे आणायला आहे.

कारण साधं आहे. न्यू जर्सी आणि मुंबई यांच्यात या दिवसांत साडेनऊ तासांचा फरक असतो. पूर्वेकडे येताना शरीराचं घड्याळ पुढे ओढावं लागतं, आणि ते साधारण दिवसाला एक तासाच्या हिशेबाने सरकतं. माणसाचं आतलं घड्याळ मुळात चोवीस तासांहून किंचित लांब असतं. त्याला उशिरापर्यंत जागणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. म्हणून मुंबईहून अमेरिकेला जाताना दोघांना फारसा त्रास झाला नसेल, तरी परतताना होणार हे धरून चाला. म्हणजे तुमच्या आताच्या तिकिटाप्रमाणे सोमवारी सकाळी आरतीला उभे राहतील तेव्हा बाबांच्या शरीरात रात्रीचे साडेदहा-अकरा वाजलेले असतील. पाहुणे, मोदक, अवेळी जेवण, इन्सुलिन आणि तिसऱ्या मजल्याच्या चढ-उतारी. शिवाय गिरगाव. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ सालापासून गणपती बसतो, आणि त्या वस्तीत आयुष्य काढलेला माणूस ‘मी थकलोय, खाली येत नाही’ असं म्हणणार नाही. विसर्जनाच्या दिवशी चौपाटीकडचे रस्ते माणसांनी भरलेले असतात. त्या दिवशी शुगर घसरली किंवा छातीत दुखलं तर गाडी दारापर्यंत येणं कठीण. बाबांना गणपतीला घरी असायचंय, ही इच्छा मोठी आहे आणि ती पुरी व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच ते आधी यावेत, झोप आणि शुगर जागेवर यावी, आणि मग गणपती यावा.

आता इन्सुलिन, कारण घोळ सर्वांत जास्त इथेच होतो. मुलं कागदावर दोन्ही देशांच्या वेळा लिहून देतात, वडील विमानात घड्याळ लावतात आणि एक डोस दोनदा घेतला जातो. तुमच्या बाबतीत सोपा मार्ग आहे. बाबांनी गुरुवारी रात्री नऊला, विमानतळावरच, नेहमीचं ग्लार्जिन घ्यावं. पुढचा डोस चोवीस तासांनी, म्हणजे तुमच्याकडे शुक्रवारी रात्री नऊ वाजतील तेव्हा. त्या वेळी मुंबईत शनिवारची सकाळ असेल, साडेसहा. बाबा तोवर घरी पोहोचलेले असतील. म्हणजे विमानात ग्लार्जिन घ्यायचंच नाही. आणि पुढे ते परत रात्रीवर आणायची घाई करू नका. ग्लार्जिनला रोज एकच ठरावीक वेळ लागते, ती रात्रीचीच असावी असं नाही. मुंबईत ते सकाळी साडेसहाचं इंजेक्शन होऊ दे. हा बदल त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना निघण्याआधी फोनवर सांगा; किडनी किंवा मागच्या शुगर पाहून ते आकडा थोडा कमी करायला सांगतील, तर तो त्यांचा निर्णय. हे गणित फक्त ग्लार्जिनचं आहे. सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन घेणाऱ्या कुणी ते उचलू नये.

ग्लिमेपिराइडची गोळी मला इन्सुलिनइतकीच धोक्याची वाटते, कारण ती ‘साधी गोळी’ समजून घेतली जाते. ती घेतली आणि जेवण आलं नाही, तर शुगर खाली जाते. विमानात जेवण कधी येईल ते आपल्या हातात नसतं. म्हणून नियम एकच: ताट समोर आल्याशिवाय ही गोळी तोंडात नाही. प्रवासात ती एकदाच घ्यावी, सर्वांत मोठ्या जेवणाबरोबर. शुगर जराशी चढली तर एका दिवसात काही बिघडत नाही, झोपेत घसरली तर बिघडतं. ग्लुकोमीटर, पट्ट्या, ग्लुकोजची पुडी, थोडे खाकरे किंवा बिस्किटं बाबांच्या हाताशी असू द्या.

इन्सुलिन सामानाच्या बॅगेत घालू नका. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर दिसायला नेहमीसारखं दिसलं तरी कामाचं राहत नाही. सगळी औषधं बाबांच्या कमरेला बांधलेल्या किंवा खांद्याला लावलेल्या छोट्या पिशवीत हवीत, डोक्यावरच्या कप्प्यातही नकोत. सोबत डॉक्टरांचं पत्र असावं, त्यात औषधांची मूळ (जेनेरिक) नावं. अमेरिकेतल्या सुरक्षा तपासणीत इन्सुलिन आणि सुया चालतात, फक्त आधी सांगायचं.

याच संदर्भात गिरगावच्या घराची एक गोष्ट. माझ्या एका पेशंटची शुगर परत आल्यावर पाच दिवस चारशेच्या खाली येईना. डोस वाढवला, काही उपयोग नाही. शेवटी कळलं की ते फ्रीजमधलं जुनं इन्सुलिन घेत होते. जाताना मेन स्विच बंद केला होता. सहा महिने ती पेनं बंद फ्रीजमध्ये, मुंबईच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात पडून होती. तुमच्या घरात असं काही उरलं असेल तर शेजाऱ्यांना आधीच टाकून द्यायला सांगा, आणि पंधरा दिवसांचं नवीन इन्सुलिन बाबांसोबत पाठवा.

पायांबद्दल. चार तासांहून लांब विमानप्रवासाने पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दोन-तीन पटींनी वाढतो. मुळात तो लहान असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात धडधाकट माणसांत अशा साधारण सहा हजार प्रवासांमागे एक असा हिशेब निघाला होता. वय, लठ्ठपणा, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा पूर्वी झालेली गुठळी यांनी तो वाढतो. आईसाठी गुडघ्याखालपर्यंतचे दाबाचे मोजे घ्या, पाय मोजून. बाबांसाठी आधी डॉक्टरांकडून पायांतल्या नाडीचे ठोके बघून घ्या, कारण जुन्या मधुमेहात पायांचा रक्तपुरवठा कमी असेल तर घट्ट मोज्यांनी उलट नुकसान होतं. केवळ प्रवासासाठी अ‍ॅस्पिरिन सुरू करू नका. दोघांनाही चालायच्या वाटेकडची (आइल) सीट द्या. दर दीड-दोन तासांनी उठणं, बसल्या बसल्या घोटे वर-खाली करणं, याला दुसरा पर्याय नाही.

उठायला नको म्हणून आपली माणसं पाणी पीत नाहीत. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आईला तुम्ही स्वतः बजावून सांगा. विमानातली हवा अतिशय कोरडी असते, आणि आतला दाब समुद्रसपाटीपासून १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावा तसा असतो. कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे दोघं पंधरा-सोळा तास कळसूबाईच्या शिखराहून उंच बसलेले असतात. ऑक्सिजन थोडा उतरतो, दमल्यासारखं होतं, पाय सुजतात. चालताना धाप लागते किंवा हिमोग्लोबिन फार कमी आहे, अशा माणसाने तपासणीशिवाय निघू नये. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोघं या गटात बसत नाहीत, तरी निघायच्या दोन आठवडे आधी एकदा बीपी, हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन पाहून घ्या.

झोपेची गोळी विमानात नको. ही मी विनंती म्हणून लिहीत नाही, ठाम सांगते. तुमच्याकडे दुकानात सर्दी-अ‍ॅलर्जीच्या आणि झोपेच्या गोळ्या सहज मिळतात. त्यातल्या अनेकांत डायफेनहायड्रामिन असतं. वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाची लघवी त्याने अडू शकते. माझे एक पेशंट, तुमच्या बाबांच्याच वयाचे, मुलीने प्रेमाने दिलेली अशी गोळी घेऊन विमानात झोपले. उतरले तेव्हा बारा तास लघवी झालेली नव्हती आणि पोट फुगून दगड झालं होतं. विमानतळावरून थेट हॉस्पिटलात, कॅथेटर घालून. शिवाय गोळीने माणूस एकाच अवस्थेत पडून राहतो, पाय हलत नाहीत, आणि उठल्यावर या वयात गोंधळलेला असतो. नैसर्गिक झोप आली तर उत्तम, नाही आली तर डोळे मिटून पडलं तरी चालतं.

व्हीलचेअर दोघांसाठी मागा, निदान ४८ तास आधी, आणि तिकिटावर तशी नोंद झालीय का ते बघा. बाबा ‘मी चालतो की’ म्हणतील. त्यांना सांगा की व्हीलचेअर रांगेसाठी आहे. अनोळखी विमानतळावर दार शोधत पळावं लागू नये यासाठी आहे. फक्त आखातातल्या थांब्यात त्यांना एका कोपऱ्यात बसवून ठेवतात तेव्हा दोघांनी आळीपाळीने उठून चालायचं. दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर ते तिकीट घेऊ नका. सामानाबद्दल एवढंच: २३ किलोची बॅग ७४ वर्षांच्या माणसाने पट्ट्यावरून ओढायची नाही. चॉकलेटं आणि शाम्पू मुंबईत मिळतात.

पहाटे अडीचला सहार विमानतळावर उतरल्यावर बाहेर यायला तास-सव्वा तास धरा. त्या वेळी रस्ता मोकळा असतो, पण न्यायला ओळखीचं माणूस हवं, भाच्याला किंवा शेजारच्या मुलाला आधी सांगून ठेवा. घराखाली आल्यावर लगेच जिना चढू नका. एकोणीस तासांच्या बसण्यानंतर पाय सुजलेले, गुडघे आखडलेले, अंधारा जिना. माझ्या पाहण्यातली मांडीचं हाड मोडल्याची एक केस अशीच झाली, घराच्या दारापासून आठ पायऱ्यांवर. तळमजल्यावर कुणाकडे तरी दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग मोकळ्या हातांनी, प्रत्येक मजल्यावर थांबत वर जा. बॅगा उजाडल्यावर येतील.

घर आधी उघडून ठेवणं हे औषधोपचाराइतकंच महत्त्वाचं आहे. ते ऑगस्ट-सप्टेंबरात उघडणार, म्हणजे पावसाळाभर बंद राहिलेलं. गाद्यांना, कपाटांना बुरशी. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यातलं, पाणी वाळून गेलं की गटाराचा वास आणि झुरळं थेट वर येतात. चार दिवस आधी प्रत्येक मोरीत बादलीभर पाणी ओतायला सांगा. फ्लशची टाकी, पिंप, फ्रीजच्या मागचा ट्रे, कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासून घ्यायच्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. आई-बाबा तर पहिले काही दिवस दिवसाच झोपणार आहेत. मच्छरदाणी दिवसाही लावा. पिण्याचं पाणी उकळून.

पहिल्या तीन आठवड्यांत ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. अमेरिकेहून येताना सगळे गुडघ्यांसाठी आयबुप्रोफेन नाहीतर नॅप्रोक्सेनचे मोठे डबे आणतात. डेंग्यूमध्ये त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि मधुमेही माणसाच्या किडनीला, आईच्या बीपीला त्या एरवीही चांगल्या नाहीत. तो डबा बॅगेत घालूच नका. पायांची सूज दोन्हीकडे सारखी असेल आणि दोन-तीन दिवसांत उतरली तर चिंता नाही. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली किंवा अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल, मग प्रवासाला आठ दिवस होऊन गेलेले असोत की वीस.

आता झोप, आणि इथे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण सर्रास दिला जाणारा सल्ला या प्रवासाला उलटा पडतो. ‘मुंबईत आलात की सकाळचं ऊन घ्या, फिरायला जा’ असं प्रत्येक जण सांगतो. मीही पूर्वी सांगत असे. पण उजेड शरीराचं घड्याळ कुठल्या दिशेला ढकलतो, हे तो कधी मिळाला यावर ठरतं. शरीराचं तापमान पहाटे, उठायच्या दोन-अडीच तास आधी सर्वांत खाली असतं. त्या क्षणाच्या आधी मिळालेला उजेड घड्याळ मागे नेतो, नंतरचा पुढे नेतो. बाबा न्यू जर्सीत सहाला उठतात, म्हणजे त्यांचा तो क्षण साधारण पहाटे साडेतीनचा. मुंबईत तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी सातला चौपाटीवर फिरायला गेले तर ते ऊन त्यांना पुन्हा अमेरिकेच्या दिशेला ढकलतं, आणि त्रास आणखी रेंगाळतो.

म्हणून शनिवारी असं करा. पहाटे घरी आल्यावर आंघोळ, साडेसहाला इन्सुलिन, नाश्ता. मग पडदे लावून अंधारात झोप, पण दुपारी बाराला उठवायचंच, कितीही जड वाटलं तरी. जेवण. एकनंतर संध्याकाळी दिवे लागेपर्यंत जास्तीत जास्त उजेडात: गॅलरीत, खिडकीशी, ऊन उतरल्यावर खाली. ढगाळ आकाशाचाही उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. रात्री साडेनऊला आडवं व्हायचं. दोनला जाग येईल, येऊ दे. मोठा दिवा लावू नका, मोबाइल नको, भूक लागली तर शुगर बघून थोडं दूध. दुसऱ्या दिवशी उजेडाची वेळ साडेअकरापासून, तिसऱ्या दिवशी दहापासून, असं अलीकडे आणत पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत सकाळचं फिरणं सुरू. दुपारची झोप हळूहळू अर्ध्या तासावर. निघायच्या आधीचे चार दिवस तुमच्याकडे रोज थोडं लवकर झोपून लवकर उठले, आणि उठल्या उठल्या बाहेर गेले, तर तास-दीड तासाचं काम तिथेच झालेलं असेल. मेलाटोनिन (झोपेच्या संप्रेरकाची गोळी) काहींना उपयोगी पडतं, पण बीपीची आणि रक्त पातळ करणारी औषधं बघून, विचारूनच.

या दहा दिवसांत बँक नाही, पेन्शनचं काम नाही, लग्नं-मुंजी नाहीत, भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळी चार ते सात एवढीच वेळ. हे बाबा सांगू शकणार नाहीत. तुम्ही नातेवाइकांना आधी फोन करून सांगा.

शेवटची गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला ठाऊक आहे. परत येऊन पंधरा-वीस दिवस झाले की माझ्याकडे आया येतात आणि ‘अजून जेटलॅग जात नाही’ म्हणतात. तोवर जेटलॅग गेलेला असतो. झोप लागत नाही, जेवावंसं वाटत नाही, कुकरची एक शिट्टी झाली तरी डोळे भरतात. सहा महिने ज्या घरात पहाटेपासून कुणाचा तरी डबा भरायचा होता, कुणाचे तरी केस विंचरायचे होते, तिथून त्या दोन माणसांच्या शांत घरात आलेल्या असतात. बाबा निदान कट्ट्यावर जातात. आईचा वावर तीन मजल्यांच्या जिन्याने आधीच कमी केलेला. यावर मी बऱ्याचदा गोळी देत नाही. काम देते: भजनी मंडळ, शेजारच्या मुलांचा अभ्यास, गणपतीचा नैवेद्य. तीन-चार आठवड्यांत उतरलं नाही, वजन घटायला लागलं, बोलणं कमी झालं, तर मात्र ते दुखणं समजून डॉक्टरकडे न्यायचं.

आणि फोन. बहुतेक मुलं आपल्या रात्री, इथल्या सकाळी करतात. पहिले काही दिवस तो इथल्या संध्याकाळी साडेपाचला करा. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतील, नात शाळेला निघायच्या तयारीत. आईला फोन घेऊन गॅलरीत बसायला सांगा, उजेडात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमचं घड्याळ एक तास मागे जाईल. तेव्हापासून इथे साडेसहाला, कारण नातीची शाळा त्याच वेळेला असेल.